लाल शाईची ओळ

"तुम्हा दोघांनाही एचआयव्ही आहे," कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझे मालक दाराकडं बघत राहिले. दार उघडं होतं. ते उठले, दार लावलं आणि परत येऊन बसले. मग विचारलं, "किती दिवस ऱ्हायल्यात?"

मालक कबनूरला यंत्रमागावर कामाला होते. आमचं घर शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. निदान झालं तेव्हा औषध आमच्या आवाक्यात नव्हतं. पुढं काही वर्षांनी सरकारी गोळ्या सुरू झाल्या. एआरटी म्हणतात त्यांना, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारं औषध. ते जन्मभर घ्यायचं.

मला तीन औषधांची एक गोळी सोसली. त्याच गोळीनं ह्यांच्या अंगावर मात्र पंधरा दिवसांत पुरळ उठलं, ताप चढला. त्यातलं नेव्हिरॅपिन नावाचं औषध त्यांना चालत नव्हतं. बाईंनी ते बदललं आणि ह्यांच्या उपचाराच्या वहीत लाल शाईनं एक ओळ लिहिली : नेव्हिरॅपिन पुन्हा कधीही देऊ नये. ते अवघड नाव आम्ही ध्यानात ठेवलं नाही. वहीत आहे की, असं वाटायचं.

वह्या आणि गोळ्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात असायच्या. भावकीत कुणालाच माहीत नव्हतं. पुराचं पाणी उंबऱ्याला लागलं त्या सकाळी नाव दारात आली. सामान उचलायला भावकीतली चार माणसं घरात उभी होती. मी माळ्याकडं बघितलं. ह्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

शाळेतल्या छावणीत पाच दिवस गोळीशिवाय गेले. कोल्हापूरचा रस्ता पाण्याखाली होता. मग कळलं, दुसऱ्या बाजूला, जिकडचा रस्ता चालू होता, तिथल्या एका दवाखान्यातही ह्या गोळ्या मिळतात. हे मदतीच्या ट्रकनं एकटेच गेले आणि दोघांच्या पुड्या घेऊन आले. दोन्ही पुड्यांत सारखीच गोळी होती. माझी.

"ही तुमची न्हवं," मी हळू म्हणाले.

"वही न्हाय म्हटल्यावर सगळ्यांना हीच देत्यात म्हणाला डाक्टर."

"अंगावर उठल्यालं सांगितलासा?"

"मागं रांगेत गावातली माणसं हुती."

आमच्या शेजारीही बायका बसल्या होत्या. गोळी घ्यायला पाण्याचा तांब्या मीच भरून दिला.

तिसऱ्या दिवशी ताप आला. मग तोंड आतून सोललं, डोळे चिकटले, पाठीवर फोड आले. रस्ता खुला झाला तसं कोल्हापूरला नेलं. बाईंनी बघितलं. स्टीव्हन्स जॉन्सन सिंड्रोम म्हणाल्या. औषध उलटून कातडी भाजल्यासारखी सुटते. ह्यांना पाणी गिळता येत नव्हतं. कापसाचा बोळा ओठांवर धरला तर कापसाला कातडी यायची. नवव्या दिवशी गेले.

बाई नंतर मला म्हणाल्या, "त्यांची सगळी माहिती आमच्या रजिस्टरात होती. ती त्या डॉक्टरपर्यंत पोचायची काही सोयच आम्ही केली नव्हती." दोष त्यांनी स्वतःवर घेतला. कुणी मोठं माणूस तसं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या गोळीला पाण्याचा तांब्या मीच भरून दिला, हे मी त्यांना सांगितलं.

ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना सांगते. गोळ्यांची नावं पाठ करा. जे औषध चालत नाही त्याचं नाव आधी. वहीची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि आणखी एक नक्कल दुसऱ्या गावच्या माणसाकडं ठेवा. पंधरा दिवसांच्या गोळ्या जादा मागून घ्या.

आता महिन्यातून दोनदा मी बाईंच्या दवाखान्यात नव्या लोकांजवळ बसते. परवा हातकणंगल्याचा एकजण आला होता. त्यालाही तेच औषध चालत नाही. त्यानं औषधाचं नाव माझ्या कानाशी येऊन म्हटलं. मी म्हटलं, "मोठ्यानं म्हणा, पावणं." बाकावर आठ माणसं होती. त्यानं खाली बघितलं, घसा साफ केला, आणि ते नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.