मोघे सरांचे भिजवलेले हरभरे

मोघे सरांशी माझी पहिली ओळख माझ्या चुकीमुळे झाली. ग्वाल्हेरहून एम.एस्सी. होऊन मी अवधपुरीजवळच्या आमच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. अकरावीला हायड्रोकार्बनांची नावे शिकवताना फळ्यावर एक रचना काढली आणि खाली ठसठशीत लिहिले, २-इथाइलब्युटेन. रसायनशास्त्राचे ज्येष्ठ शिक्षक मोघे सर दारावरून जात होते. थांबले, वाचले, निघून गेले.

मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या हातात तीच रचना ठेवली. भिजवलेले काबुली चणे म्हणजे कार्बन, देशी हरभरे म्हणजे हायड्रोजन, खराट्याच्या काड्या म्हणजे बंध.

“बाई, प्रत्येक टोकापासून बोट फिरवा. सगळ्यांत लांब वाट कुठली?”

मी मोजले. चार नव्हे, पाच कार्बन. मुख्य साखळी वळणावरून जात होती. मी सरळ रेषेला भुलले होते. खरे नाव ३-मिथाइलपेंटेन. तुम्हीच मुलांना सांगा, असे मी म्हटले, तर सर म्हणाले, “चूक तुमची, दुरुस्तीही तुम्हीच करा. मी वर्गात येणार नाही.” माझा मान त्यांनी असा राखला.

सरांचा अकरावीचा पहिला महिना हरभऱ्यांतच जाई. सरळ साखळ्यांची मोळी मुठीत घट्ट बसते, फांद्यांच्या साखळ्यांची बसत नाही. म्हणून तेवढ्याच कार्बनांचा फांद्यांचा द्रव लवकर उकळतो, हे मुलांना हातानेच कळे. तास संपला की मुले कार्बन खाऊनही टाकत. सर म्हणत, ज्वलनच झाले म्हणायचे.

पुढे मी प्राचार्य झाले आणि मला घाई झाली. एके दिवशी वर्गाबाहेर हरभऱ्यांची टरफले दिसली. मी सरांना बोलावून सांगितले की शाळेत उसळ नको, अभ्यासक्रम पूर्ण व्हायला हवा. अकरावी एका तरुण शिक्षकांना दिली, छापील नोट्ससह. सरांकडे प्रयोगशाळेतील सामानाची नोंदवही आली. ते “बरं मॅडम” एवढेच म्हणाले. त्याआधी ते मला बाई म्हणत.

सरांच्या निवृत्तीच्या महिन्यात मी एकदा अकरावीवर बदली तास घेतला. तीच रचना काढली. सगळ्या वर्गाने लिहिले, २-इथाइलब्युटेन. मी कारण विचारले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅम, सीधी लाइन तो यही है।”

सर तेव्हा दोन खोल्या पलीकडे परीक्षानळ्या मोजत होते. मी गेले नाही. निरोपसमारंभात शाल दिली आणि त्यांच्या वक्तशीरपणावर बोलले. हरभऱ्यांचा उल्लेख केला नाही. हे मी आज, तेरा वर्षांनी, गौरवग्रंथात लिहिते आहे, कारण चूक माझी आहे.

मार्चमध्ये मीही निवृत्त होईन. तोवर अकरावीचा तो तास मी स्वतः घेणार आहे. चणे भिजत घातले आहेत. सर, आपल्या पंचाहत्तरीनिमित्त माझी प्रार्थना एवढीच की आपली प्रकृती उत्तम राहो, आणि साकेत नगरहून शाळेपर्यंत येण्याचे बळ आपल्या पायांत पुढची पंचवीस वर्षे असो. दर सोमवारी त्या तासाला मागच्या बाकावर बसावे. आणि माझे काही चुकले तर मधल्या सुट्टीपर्यंत थांबू नये, मुलांसमोरच सांगावे.