एका कान्याचा फरक

उत्तरा घाबरली की बोलायची थांबते. एरवी तिचं तोंड बंद करणं भांडुपच्या आमच्या कॉलेजात कुणाला जमलेलं नाही, प्राचार्यांनाही नाही. त्या मंगळवारी सकाळी तिचा फोन आला आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "इरा, माझ्या स्वरदाचं बाळ पिवळं पडलंय. मुलुंडला हॉस्पिटलमध्ये ये. आज सातवा दिवस आहे गं." सातवा म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. तशीच रिक्षात बसले.

आम्ही दोघी तीस वर्षं एका स्टाफरूममध्ये. ती जीवशास्त्र शिकवते, मी रसायन. तिचा पहिला तास डब्यानं सुरू होतो. पोरांसमोर डबा उघडून म्हणते, ही पोळी म्हणजे कर्बोदकं, तिच्यावरचं तूप म्हणजे स्निग्ध पदार्थ, ही मटकी म्हणजे प्रथिनं. चौथी न्यूक्लिक आम्लं, ती प्रत्येक घासात असतात, पण त्यांना कुणी विचारत नाही. चौघांच्याही मुळाशी कार्बन. मग एन्झाइम. पुस्तकात त्याला विकर म्हणतात. तिच्या भाषेत विकर म्हणजे लग्नं जुळवणारी मावशी. दोघांना एकत्र आणते, काम उरकते आणि स्वतः जशीच्या तशी पुढच्या घरी जाते. "आणि मावशी आलीच नाही तर? विकर नसेल तर विकार. एका कान्याचा फरक." पोरं हसतात. मला मात्र तो विनोद आता ऐकवत नाही.

अशी ही शास्त्राची बाई एका बाबतीत आईच्या शब्दाबाहेर नव्हती. तिच्या पाठीवर एक भाऊ झाला होता. तो आठव्या दिवशी पिवळा पडून गेला, बारशाच्या आधीच. आई मरेपर्यंत सांगायची, "पेटीतलं जुनं दुपटं गुंडाळलं होतं, तोवर सगळं बरं होतं. शेजारणीनं आणलेलं नवं झबलं घातलं आणि दृष्ट लागली." बाळाला आधी जुनं घालायची रीत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. उत्तराच्या घरी मात्र त्या रितीला भीती चिकटलेली होती. स्वरदा बाळंत होऊन आईकडे आली, तेव्हा उत्तरानं पत्र्याची पेटी उघडली, लेकीचीच बत्तीस वर्षांपूर्वीची झबली-दुपटी काढली आणि गॅलरीत तासभर ऊन दाखवलं. मी विचारलं, "तू हे मानतेस?"

"मानत नाही गं," ती म्हणाली. "पण विषाची परीक्षा कशाला?"

पाचव्या दिवशी मी बाळ बघायला गेले. उत्तरानं त्याला खोबरेल चोळलं, न्हाऊ घातलं, परत थोडं तेल लावलं आणि दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं. मी त्या दुपट्यात नाक खुपसलं आणि म्हटलं, "अगदी आपल्या लहानपणचा वास." रसायनाची बाई मी. एवढंच म्हटलं.

हॉस्पिटलात बाळ निळ्या दिव्याखाली होतं, डोळ्यांवर पट्टी, छाती भराभर हलत होती. डॉक्टर हेमांगी जेमतेम पस्तिशीच्या असतील. त्यांनी स्वरदाला आणि तिच्या नवऱ्याला, अनयला, बाजूला घेतलं. आम्ही मागे उभ्या राहिलो.

"ही साधी कावीळ नाहीये. याच्या रक्तात एक एन्झाइम कमी आहे. ग्लुकोज वापरून तांबड्या पेशींना सांभाळणारं. एरवी अशी मुलं ठणठणीत असतात. पण काही औषधं, काही रसायनं अंगात गेली की पेशी फुटायला लागतात. याच्या फुटतायत. अशाच फुटत राहिल्या तर रक्त बदलावं लागेल, मेंदूलाही धोका आहे." मग त्यांनी विचारलं, "घरात डांबरगोळ्या आहेत का?"

"नाही, आम्ही वापरतच नाही," स्वरदा म्हणाली.

उत्तरा गप्प होती. दुपटं तिच्याच हातात होतं. पाजायला घेताना बाळाला त्यातच गुंडाळत होते, आणि अर्ध्या तासानं बाळ परत त्यातच जाणार होतं. मला सगळं एकदम कळलं आणि मीसुद्धा गप्प राहिले. जावयासमोर मैत्रिणीला उघडं कसं पाडू, असा विचार मला त्या क्षणी सुचला. बाळ तिकडे पिवळं होत होतं आणि मला मानपान सुचत होता. त्याची मला अजून लाज वाटते.

"माझ्या पेटीत आहेत," उत्तरा म्हणाली. "दर दिवाळीला नव्या टाकते. याचे कपडे त्यातलेच आहेत. मी धुतलेसुद्धा नाहीत, नुसतं ऊन दाखवलं." मग माझ्याकडे वळली. "इरा, डांबरगोळीतलं ते तेलात विरघळतं ना?"

"विरघळतं," मी म्हटलं. पाण्यात नाही, तेलात. म्हणजे अंगाला लावलेल्या खोबरेलातून ते बाळात उतरत होतं. दर वर्षी मी ते फळ्यावर लिहिते.

नर्सनं तिच्या हातातलं दुपटं काढून पिशवीत बांधलं आणि बाळाचं अंग पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठव्या, बाळाला रक्त द्यावं लागलं. उत्तरा दिवसभर बाकावर बसून होती. पाण्याचा घोटही घेत नव्हती. दार वाजलं की माझा दंड घट्ट धरायची. "अनय मला काही बोलत नाहीये," एकदा म्हणाली. "बोलला असता तर बरं झालं असतं."

दहाव्या दिवशी काविळीचा आकडा उतरला. आणखी तीन दिवसांनी घरी सोडायचं ठरलं. कुठली औषधं टाळायची याचा कागद देताना डॉक्टरांनी स्वरदाला विचारलं, "हा दोष मुलाला आईकडून येतो. तुमच्या आईच्या बाजूला कुणा मुलाला असं झालं होतं? मामा वगैरे?"

"मला भाऊ नाही. आईलाही भाऊ नाही."

"होता," उत्तरा म्हणाली. "आठ दिवसांचा."

तिच्या हातात बाळाला घरी न्यायचं झबलं होतं. नवं, दोनदा धुतलेलं.

"इरा, आई दोन्ही सांगायची गं. पेटीतलं दुपटंही सांगायची," ती म्हणाली. "मी झबलंच ऐकलं."