पित्ताचं चूर्ण

ते प्रकरण विसरावं म्हणून मी पुष्कळ खटपट केली, पण ते काही डोक्यातून जात नाही. निवृत्तीनंतर कुणी भेटलं की हमखास म्हणतं, साहेब, एखादी केस सांगा की. मी दरोड्याची सांगतो, वाहनचोरांच्या टोळीची सांगतो. ही मात्र आजवर गिळून बसलो होतो. आता वय झालंय, अब्रू सांभाळून करायचंय तरी काय?

मी तेव्हा दिघी-भोसरी पट्ट्यातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. शुक्रवारी दुपारी रुग्णालयातल्या चौकीवरून कळवण्यात आलं की, दिघीत राहणारा सेहेचाळीस वर्षांचा एक इसम दाखल करण्यापूर्वीच मयत झाला आहे. चाकणच्या कंपनीत लाइन सुपरवायझर होता. बी शिफ्टला निघायच्या तयारीत असताना छातीत दुखू लागलं आणि रिक्षातच गेला. अशा नोंदी आमच्याकडे आठवड्याला चार येतात. आकस्मिक मृत्यू म्हणून स्टेशन डायरीला नोंद झाली, हवालदार पंचनाम्याला गेला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण राखून ठेवलं आणि व्हिसेरा तपासणीसाठी काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयताचा थोरला भाऊ आला. गावातलं जुनं घर, थोडी जमीन अजून राखून असलेला, बोलायला चढा माणूस. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, हे दुखण्यानं मेलेलं न्हाई. धाकटीनं त्याच्या तोंडात कायतरी घातलं, मी डोळ्यांनी पाहिलंय. दहा मिनटांत आडवा झाला." धाकटी म्हणजे मयताची बायको. वर्षभर नवरा-बायकोचं पटत नव्हतं, बंद दारामागून भांडणं ऐकू यायची, असंही त्यानं सांगितलं. शेवटी मुद्द्याचं बोलला: स्वयंपाकघरातल्या फडताळात तिनं पेपरात गुंडाळून एक डबा लपवलाय.

पंच घेऊन मी स्वतः गेलो. तांदळाच्या डब्यामागे ती वस्तू सापडली. पांढरा प्लास्टिकचा डबा, लाल झाकण, त्यावर घोड्याचं चित्र आणि 'शुद्ध आयुर्वेदिक, दुष्परिणाम नाही' असं छापलेलं. आत तपकिरी चूर्ण.

पंचनामा लिहिणारा हवालदार मजकूर सांगा म्हणून थांबला होता आणि मी ते लाल झाकण नुसतं उघडत-लावत उभा होतो. कारण अगदी तसाच डबा माझ्या घरी, बूटपॉलिशच्या पेटीत, ब्रशाखाली होता.

आता इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागणार. माझी पन्नाशी उलटली होती, साखर मागे लागली होती, आणि घरात जे व्हायला नको ते होऊ लागलं होतं. बायको काही बोलली नाही. तिच्या न बोलण्यानंच मी अर्धा झालो. एक दिवस साध्या कपड्यांत ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. त्यांनी हृदय तपासलं, रक्तदाब पाहिला आणि दोन प्रकारच्या गोळ्या समजावून सांगितल्या. पहिली सिल्डेनाफिल: तासभर आधी घ्यायची, तेलकट जेवणावर घेतली तर उशिरा चालते, चार-पाच तासांत असर उतरतो. डोकं ठणकतं, चेहरा तापतो, कधी नजरेला निळसर दिसतं. दुसरी टाडालाफिल: हिला जेवणाचं बंधन नाही, असर दीड दिवस राहतो, पण काहींची कंबर नि मांड्या धरतात. कुठलीच गोळी मनात नसलेली इच्छा आणत नाही, हेही बजावलं. आणि हृदयरोगाची जिभेखालची गोळी या दोहोंपैकी कशाहीबरोबर चालत नाही, रक्तदाब एकदम कोसळतो, हे तर त्यांनी तीनदा सांगितलं.

पहिली गोळी मी चिठ्ठीवर घेतली. गुण आला. पण दुसऱ्यांदा दुकानात जायची हिंमत झाली नाही. औषधवाला ओळखीचा, तो चौकीतल्या पोरांनाही ओळखायचा. मग आळंदी रस्त्याला ताडपत्रीखाली दुकान थाटून बसणाऱ्या वैद्याकडे गेलो. तिथे चिठ्ठी नाही, नाव नाही. त्याचं चूर्ण घेतलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत असर टिकला, कंबर धरली. जेवून घेतलं तरी काही फरक नाही. मी तीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस, मला समजायला काय लागतं! मुळ्या कुटल्यानं असं होत नाही. त्यात दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या दळून घातल्या होत्या. हे मला या मृत्यूच्या महिनाभर आधी कळलं होतं. छापा घालायला हवा होता. पण मग तुम्हाला कसं कळलं, असं कुणीतरी विचारलं असतं. मी गप्प बसलो आणि डबा संपवत राहिलो.

तर त्या स्वयंपाकघरात मी हवालदाराला सांगितलं, "लिही, तपकिरी रंगाचं चूर्ण, अनोळखी."

बाईंना जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. खरं तर बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. घरी दीर, सासरा, पाहुणे, म्हणून इथे बोलावलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. चाळिशीच्या असतील. पदर घट्ट धरून बसल्या होत्या. सोबत माझ्या हाताखालची महिला उपनिरीक्षक होती, हुशार मुलगी.

नवऱ्याच्या जिभेखाली काय ठेवलं, हे त्यांनी लगेच सांगितलं. सासऱ्यांना हृदयाचा त्रास होता, त्यांची गोळी. दवाखान्यात फोन लावला, तिथल्या डॉक्टरनं गोळी द्या आणि लगेच आणा म्हणून सांगितलं, म्हणून दिली. मग मी डबा टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे काय आहे?

बाईंनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली. "पित्ताचं चूर्ण हाय, साहेब," म्हणाल्या.

मला ठाऊक होतं त्या खोटं बोलताहेत. का बोलताहेत तेही ठाऊक होतं. मेलेल्या नवऱ्याची लाज झाकत होत्या. त्यांना एवढंच सांगायचं होतं की ताई, मला माहीत आहे हे काय आहे. एका वाक्याचं काम. ते वाक्य मी बोललो नाही. पित्ताचं चूर्ण असं लिहून घेतलं, त्यांची सही घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच उत्तर लिहून घेतलं. बाहेर बाकावर त्यांची दहावीतली मुलगी आईचा जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली असायची. दीर माणसं गोळा करून खुनाचा गुन्हा नोंदवा म्हणून रोज येऊन बसायचा. मी सगळ्यांना चहा पाजत होतो.

तिसऱ्या दिवशी उपनिरीक्षक आत आली. म्हणाली, "सर, डबा पित्ताचा नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. बाईंनी दोनदा खोटा जबाब दिलाय. दीर प्रत्यक्षदर्शी आहे. ताब्यात घेऊ का?" तिचं काही चुकलं नव्हतं. समोर कागद होता त्याप्रमाणे ती बोलत होती, आणि तो कागद मी केला होता. माझ्या तोंडातून हो गेलं असतं तर ती बाई त्याच संध्याकाळी कोठडीत असती, आणि नवऱ्याला विष घालणारी म्हणून दिघीत कायमची ओळखली गेली असती. व्हिसेराचा अहवाल यायला महिने लागतात. शिवाय कुठलं औषध शोधायचं हे पत्रात लिहिलं नाही तर प्रयोगशाळा नेहमीची विषं पाहते आणि काही आढळलं नाही म्हणून कळवते. माझ्या पत्रात मी काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी म्हणालो, थांब, आधी एका डॉक्टरांचं मत घेऊ. उपनिरीक्षकाला घेऊन मी माझ्याच डॉक्टरांकडे गेलो. डबा पुढे ठेवला, बाईंनी दिलेल्या गोळीचंही सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं उमजलं, पण तिच्यासमोर त्यांनी मला ओळख दाखवली नाही. मला जे सांगितलं होतं तेच त्यांनी तिला पुन्हा सांगितलं. आदल्या रात्री घेतलेली पहिल्या प्रकारची असती तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत असर बराच उतरला असता, दुसऱ्या प्रकारची असेल तर जिभेखालची गोळी पुढे दोन दिवस धोक्याची. चूर्ण कधी घेतलं, ते विचारा, म्हणाले. जे मला महिनाभर माहीत होतं ते मी दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलं. येताना उपनिरीक्षक म्हणाली, सर, तुमच्या बरं डोक्यात आलं!

त्या संध्याकाळी आम्ही दोघं बाईंच्या घरी गेलो. पुरुष मंडळींना बाहेर बसवलं. मी म्हणालो, "ताई, ते चूर्ण पित्ताचं नाही. पुरुषांचं आहे. तुमच्या मालकांनी ते कधी घेतलं होतं?"

तीन दिवस कोरड्या राहिलेल्या बाई तोंडात पदर कोंबून रडल्या. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, गुरुवारी संध्याकाळी घेतलं होतं. नवऱ्याला वर्षभर तो त्रास होता. दोघांची भांडणं त्यावरूनच. त्या म्हणायच्या डॉक्टरकडे चला, ते म्हणायचे मी काय बायल्या आहे का. मग त्या हळू आवाजात बोलल्या, "फोनवर डॉक्टरनं विचारलं होतं, साहेब, दुसरं काय औषध, चूर्ण घेतलंय का म्हणून. मी यांना मोठ्यानं इचारलं. दारात थोरले दीर हुते, मामंजी हुते. यांनी मान हलवली, न्हाई म्हणाले. मला ठावं हुतं. मी पण बोलले न्हाई."

पदरानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, म्हणजे माझ्या हातनंच झालं का? मी म्हणालो, नाही ताई, ज्यानं गोळ्या दळून वर आयुर्वेदिक लिहिलं त्याच्या हातून झालं. हे खरं होतं. पण पुरतं खरं नव्हतं. तो वैद्य महिनाभर आधीच आत असायला हवा होता, आणि का नव्हता हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बनावट गिऱ्हाईक पाठवून छापा घातला. दुकानामागे मिक्सर, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांची पोती. वैद्याला माझ्या खोलीत आणलं तेव्हा त्यानं मला ओळखलं. मी इतरांना बाहेर पाठवलं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मी तुम्हाला कधी पाहिलं नाही." मीही त्याला पाहिलं नव्हतं, असंच धरून चाललो. अर्ध्या तासात त्यानं सगळं कबूल केलं. प्रयोगशाळेला नवं पत्र गेलं, पुढे अहवालात तेच टाडालाफिल आढळलं. बारकाईच्या तपासाबद्दल वरिष्ठांनी प्रशस्तिपत्र दिलं आणि मी ते घेतलं.

अहवालाची प्रत न्यायला बाई मुलीला घेऊन ठाण्यात आल्या. दीर तोवर नरमला होता, बाहेर उभा राहिला. बाईंनी विचारलं, "साहेब, तुमाला कसं कळलं हो ते चूर्ण कशाचं हाय?"

मी म्हणालो, तपासात निष्पन्न झालं.

त्या म्हणाल्या, बाईमाणसाची लाज राखून एवढं कोण बघतं! आणि खाली वाकल्या. मुलीलाही वाकायला लावलं. मला मागे सरता आलं असतं, पण मी सरलो नाही. दोघींनी माझ्या पायाला हात लावला.

लोकांना बोलतं करणं हे पोलिसाचं कसब मानतात. तीस-बत्तीस वर्षांत मी भल्याभल्यांना बोलतं केलं. पण माणूस लाजेपायी गप्प बसतो तेव्हा तो गुन्हेगारासारखाच दिसतो, हे मला त्या केसमध्ये शिकावं लागलं, आणि तेही बाईंकडे बघून नव्हे, आरशात बघून. गोळ्यांत तशी लाज काहीच नाही. डॉक्टरांकडे जावं, हृदयाचं, साखरेचं, सगळं सांगावं आणि विचारलं तर हो म्हणावं, मग दारात कुणी का उभं असेना.

त्या बाई हे वाचतील की नाही, ठाऊक नाही. वाचलंच तर त्यांना एवढं सांगायचंय: ताई, तपासात काही निष्पन्न झालं नव्हतं. मीही तेच चूर्ण घेत होतो. तुमचे मालक जिवंत होते तेव्हापासून मला माहीत होतं.