पायाळूची पाठ

कोमट तिळाच्या तेलाचा वास आला की मुखेडच्या घरातली ती सकाळ आठवते. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली, म्हणून गल्लीत कुणाला उसण भरली की पाठीला माझा पाय लावून घ्यायला यायचे. त्या सकाळी शेजारच्या मावशी ओसरीवर पालथ्या पडल्या आणि त्यांच्या पाठीवर पाय टेकवतानाच माझ्या छातीत अशी कळ आली की भिंत धरावी लागली. फायब्रोमायल्जियानं अंग रोजच दुखायचं, पण ही कळ वेगळी वाटली. आता लेकीला शाळेतून कोण आणणार, एवढंच मनात आलं. मावशी उठल्या, "लई हलकं झालं गं," म्हणाल्या; मोठ्या माणसाला पाय लावला म्हणून मी त्यांच्या पाया पडायला वाकले ती तिथंच बसले. नवऱ्यानं नांदेडला नेलं. डॉक्टर ईसीजीची पट्टी बघून म्हणाले, हृदय चांगलं आहे, हे तुमचं जुनंच दुखणं. "काई न्हाई ना? मग झालं," म्हणून नवरा परतीच्या एसटीत निवांत झोपला. कळ मात्र होतीच. घरी सासूबाईंनी तेल कोमट करून आणलं, माझ्या पाठीला चोळलं आणि म्हणाल्या, "पडून ऱ्हा तशीच. मी काय पायाळू न्हाई, पण लावते पाय." त्यांची भेगाळलेली टाच बराच वेळ पाठीवर होती. कळ गेली नाही. आता सासूबाईही नाहीत. गल्लीतली माणसं अजून येतात, मी पाय लावते. आणि माझ्या छातीत कळ आली की तेल कोमट करते, हात पोचेल तेवढं लावते आणि पालथी पडून राहते.