कागदकाकांचा दोर

बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये संघ जिंकला की दोर ओढून छताची जाळी उघडायची आणि रंगीत कागदांचे कपटे उधळायचे, हे काम कागदकाकांचं. पण यंदाच्या हंगामात संघाने हरण्याचा असा सपाटा लावला, की दोर धरल्या धरल्या काकांना डुलक्या लागायच्या. काकू मात्र जाम खूश! झाडलोट त्यांच्याकडे, संघ हरला की कचरा नाही.

शेवटच्या सामन्यात संघ एका गुणाने मागे असताना आपल्या ताडमाड गड्याने अर्ध्या मैदानातून चेंडू भिरकावला आणि तो थेट बास्केटमध्ये! काकांनी दोर खसकन ओढला. तेवढ्यात पंचांनी हात हलवले. वेळ आधीच संपली होती. पुन्हा हार!

पण कपटे थोडेच परत वर जाणार? वर्षभर तोंड पाडून बसलेले लोक नाचू लागले, हरलेले खेळाडू नाचले, जिंकलेलेही नाचले. काका जीव मुठीत धरून खाली आले. काकू कमरेवर हात ठेवून उभ्याच!

"अहो, हरलो ना आपण?"

"हरलो गं."

"मग हे कोण झाडणार?"

काकूंनी झाडू त्यांच्या हातात कोंबला, बाह्या सरसावल्या आणि धावत नाचायला गेल्या.