गुलाबचं तोंड आणि पिकअपचं दार

गुलाब रामटेकेच्या हाताला यश होतं, तोंडाला नव्हतं. वडशात रेल्वे फाटकाजवळ त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दुकान म्हणजे चार टिनं आणि एक बाकडं. पण त्या बाकड्यावर बसून तो अख्ख्या गावाची सालटी काढायचा. एकदा एका साहेबाच्या गाडीचा हॉर्न दुरुस्त करता करता साहेबाच्याच ड्रायव्हरला म्हणाला, "साहेबाचा घरी आवाज चालत नाई, म्हणून गाडीले लावून राह्यले का?" लोक पोट धरून हसायचे. बोलणं दुसऱ्याबद्दल असलं की हसू येतंच.

बायको नंदिनी म्हणायची, "तुमच्या तोंडालेही एक फ्यूज बसवा."

नाटकांचा हंगाम लागला, तशी एका सकाळी प्रफुलभाऊंची जुनी पिकअप दुकानासमोर येऊन खोकली. प्रफुलभाऊ म्हणजे एका नाटक मंडळीचे मालक, मॅनेजर आणि नायकही. पन्नाशी कधीच मागे पडलेली, पण नाटकात ते अजून कॉलेजात जायचे.

"गुलाब, नाटक पुकाराले मले माइकचं बटन दरवाज्यातच पायजे," ते म्हणाले. "एक हात पब्लिकले दाखवाचा, दुसऱ्यात माइक, आन् कोपरानं बटन दाबाचं."

"म्हणजे इलेक्शनच्या उमेदवारावानी. फक्त पडाचं स्टेजवर!"

गुलाबनं डाव्या दाराची काच फिरवायची मूठ काढली, हात ठेवायच्या टेकूचे स्क्रू काढले आणि आतल्या पुठ्ठ्यामागे पट्टी सरकवून एकेक क्लिप उचकटली. अर्ध्या क्लिपा आधीच परलोकी गेल्या होत्या. पुठ्ठा नुसता सवयीनं उभा होता. दाराच्या पोटातून सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्न्या निघाल्या, एक कंगवा निघाला आणि बाईमाणसाचं एक झुमकं.

"हे कोणाचं, भाऊ?"

"नाटकातलं आहे."

"कोणत्या अंकातलं?"

प्रफुलभाऊंनी झुमकं खिशात टाकलं आणि चहा सांगितला. मग गुलाबची टकळी सुरू झाली. गेल्या साली एका नाटकात मेलेला बाप स्टेजवर कसा शिंकला, ते रंगवून सांगता सांगता त्यानं बटनाची वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीतून दारात ओढली. ती काचेच्या वाटेपासून दूर नेऊन चिकटपट्टीनं बांधायची असते. पण मेलेला बाप नेमका तेव्हाच शिंकला, गुलाबला हसू आवरेना, आणि वायर तशीच लोंबती ठेवून त्यानं पुठ्ठा ठोकून बसवला.

दुपारी आठवडी बाजार भरला. पिकअप नाटकाच्या मांडवामागे उभी केली. तिथून लांब वायर नेऊन भोंगे बाजाराच्या टोकाला झाडावर बांधले. बटन दाबलं, आवाज बाजारभर गेला. बटन सोडलं, आवाज बंद. प्रफुलभाऊ खूश झाले. त्यांनी माइक समोर आकड्याला अडकवला, खर्रा तोंडात टाकला आणि थुंकायला काच सरसर खाली घेतली. काच खाली आली ती थेट वायरीवर. वायर चेंगरली, आतल्या दोन तारा एकमेकींना भेटल्या आणि माइक चालू झाला तो झालाच. इंजिन घरघरत होतं, बाजारात साड्यांचे अन् औषधांचे भोंगे कोकलत होते. आत बसलेल्या दोघांना पत्ताच नाही.

"भाऊ, खरं सांगू?" गुलाब म्हणाला. "तुम्ही स्टेजवर याच्या आधी तुमचं पोट एंट्री घेते."

"अन् तू काऊन वाळला मंग? वहिनी जेवाले देत नाई का?"

"देते नं! पण वांग्याची भाजी अशी करते का बाप्पा, तेल वरतं, वांगं खालतं. दोघायची सोडचिठ्ठी! आमचं कुत्रं पहिले वास घेते, मंग माह्या तोंडाकडे पाह्यते."

तिकडे बाजारात वजनकाटे थांबले. इकडे गुलाबनं कान टवकारले. "कोण गधा भोंग्यावर बोलून राह्यला बे एवढ्या मोठ्यानं?"

दूरवरून झाडानं विचारलं, "कोण गधा..."

गुलाबनं माइककडे झडप घातली, तोच डावं दार खाडकन उघडलं. खाली नंदिनी उभी. हातात पिशवी, पिशवीतून वांग्यांची देठं डोकावत होती.

"उतरा भाऊ," ती प्रफुलभाऊंना म्हणाली. ते नायक असूनही गुपचूप उतरले. नंदिनी जागेवर बसली आणि तिनं माइक उचलला.

"मी गुलाब इलेक्ट्रिशियनची बायको बोलून राह्यली. भाजी काऊन बिघडते, तेही ऐका. मी ती गॅसवर चढवली का हा माणूस भाजीचा गंज खाली उतरवते अन् त्या गॅसवर आपली वायरी जोडाची सोल्डरची कांडी तापवते! कच्चं वांगं खाऊन याच्या पोटात दुखते अन् तोंडातून निघते." तिनं दम घेतला. "आता आलीच आहो तर सांगते. आज इथी नाटक आहे. हिरो म्हातारा आहे, पण रडते चांगला. या."

बाजारातून शिट्ट्या आल्या. त्या रात्री मांडवाच्या बाजूच्या कनाती काढाव्या लागल्या, इतकी माणसं लोटली. नायक कॉलेजची वही घेऊन आला तेव्हा मागून कोणी ओरडलं, "पोट आलं, आता भाऊ येतीन!" प्रफुलभाऊ थबकले, पोटावर हात ठेवून वाकले आणि पुढचं वाक्य विसरले. टाळ्या मात्र थांबेनात.

दुसऱ्या सकाळी ते गुलाबच्या दारात हजर. "वहिनी, यंदाची अनाउन्समेंट तुम्हीच करा."

"करीन. पण माह्या मनानं बोलीन."

गुलाबनं पिकअपचं दार पुन्हा खोललं आणि या वेळी मुकाट्यानं वायर काचेपासून लांब बांधली. मनात त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं गाव आपल्याला हसत नव्हतं, आपल्यासोबत हसत होतं, असं त्याला वाटायचं. आता फाटकावरचा चहावालाही "आज काय भाजी?" विचारत होता. पण भोंग्यावरचा नंदिनीचा तो आवाज आठवला की त्याला स्वतःलाच हसू फुटे. ही बाई घरात एवढी कधी बोललीच नव्हती, की आपण बोलू दिलं नव्हतं, हे त्याला काही उमजेना.

हिवाळाभर पिकअप फिरली, ब्रह्मपुरीपासून पार एटापल्लीकडच्या गावांपर्यंत. गुलाब गाडी चालवायचा, नंदिनी बोलायची.

"तिसऱ्या अंकात सून मरते, मायांनो. रुमाल घेऊन याल!"

"वहिनी, शेवट नका सांगू नं!" मागून प्रफुलभाऊ कळवळले.

नंदिनीनं बटन सोडलं. "भाऊ, कोणी मरून राह्यलं हे आधी समजलं, तरच माणसं जमतात."

गुलाबच्या जिभेवर उत्तर आलं होतं. त्यानं आधी बटनाकडे पाहिलं, आणि मग गाडी गियरमध्ये टाकली.