पारास्काचं हिवाळी बिऱ्हाड

ओनुफ्री पासिच्निकला थंडीचा मनस्वी राग. मॅनिटोबात, दोन मोठ्या तळ्यांच्या मधल्या आमच्या मुलखात राहायचं आणि थंडीवर रागवायचं म्हणजे कोळ्यानं पाण्यावर रुसल्यासारखं. पण त्याचंही खोटं नव्हतं. उभा जन्म त्यानं बर्फ सारायची गाडी चालवली. सकाळी रस्ता मोकळा करावा तर संध्याकाळी तो पुन्हा पांढरा. "ही थंडी म्हणजे सासुरवाडीला चिकटलेला जावई आहे," तो म्हणायचा. "कितीदाही हाकला, जेवायच्या वेळेला दारात हजर!"

स्वतः जावई कसा झाला, तेही याच गाडीच्या कृपेनं. तरुणपणी गावातला कुठलाही रस्ता अडलेला असो, हा आधी मेल्निचुकांच्या शेताकडचा रस्ता साफ करायचा. त्या रस्त्यावर मेल्निचुकांच्या घराशिवाय काही नव्हतं, आणि त्या घरात स्तेफा नावाची मुलगी होती. शेवटी म्हातारा मेल्निचुक फाटकाशी येऊन ओरडला, "अरे बाबा, एक तर लग्न कर, नाही तर बर्फ तरी पडल्या जागी राहू दे! माझी मेंढरं गाडीच्या आवाजानं दूध द्यायची थांबली!" ओनुफ्रीनं लग्न केलं. मेंढरांचं पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

स्तेफाला जाऊन आता तीन वर्षं होत आली. उन्हाळा बागेत निघून जायचा, पण बर्फ पडला की घर खायला उठायचं. रेडिओवरच्या हवामानवाल्याशी भांडण्यात ओनुफ्रीचा हिवाळा सरायचा. "खोटारड्या, खिडकीतून बघ एकदा!" असं तो त्या डब्याला ऐकवायचा. डबा काही उलट बोलायचा नाही. एवढंच दुःख.

त्या सप्टेंबरात त्याची धाकटी मेव्हणी टेक्ला बटाटे खणायला आली. टेक्लाही एकटीच. तिच्या घराचं तळघर पाण्यानं खराब झालं होतं, म्हणून तिचे बटाटे, बीट आणि आंबवलेल्या कोबीच्या बरण्या ओनुफ्रीच्या तळघरात असत. जीभ तिखट, हात उदार, आणि भीती जगात एकाच गोष्टीची. ती गोष्ट नेमकी बटाट्याच्या वाफ्यात निघाली. बाई अशी किंचाळली की शेजारचा हाल्डोर हातातलं मासेमारीचं जाळं घेऊनच धावत आला.

"दाजी, साप! धरा! नाही, धरू नका! अहो, काही तरी करा!"

आमच्याकडचा साधा गार्टर साप तो. विष नाही, माणसाशी वैर नाही, पाठीवर तीन पिवळ्या रेघा. मोठी, भरल्या अंगाची मादी होती. पण टेक्लाच्या फावड्यानं तिच्या शेपटाचं टोक उडालं होतं. ओनुफ्रीनं तिला अलगद उचललं, तर तिनं त्याच्या कोटावर अशी काही घाण सोडली की हाल्डोर चार पावलं मागं सरला. कोट रविवारचा, देवळात घालायचा होता. पुढच्या रविवारी धुवून, वाळवून, लव्हेंडर लावून तो घातला, तरी ओनुफ्रीच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

"शेपूट भरून येईपर्यंत ठेवतो हिला," ओनुफ्री म्हणाला.

"घरात?" टेक्ला म्हणाली.

"तुझ्याच फावड्याचा प्रसाद आहे. तुझ्या घरी ठेवू?"

त्यावर टेक्ला गप्प झाली. ही गोष्ट गावात बरेच दिवस सांगितली गेली.

हाल्डोरनं गळाला लावायचे छोटे मासे ठेवायची जुनी काचपेटी दिली. ओनुफ्रीनं तळाशी पालापाचोळा आणि शेवाळ घातलं, अंग बुडवता येईल एवढं पाण्याचं भांडं ठेवलं, आणि लपायला चहाचा रिकामा डबा आडवा घातला. झाकण नुसतं टेकवलं, तर पहिल्याच दिवशी बाईसाहेब बाहेर. शोध शोध शोधल्यावर सापडल्या ओनुफ्रीच्या नमद्याच्या, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीच्या, बुटात, तेही पाय घालताना. त्यानंतर झाकणावर गाडीचा मोठा पाना आला. पहिले काही दिवस त्यानं तिला हातसुद्धा लावला नाही. नवीन घरात आलेल्या सुनेला लगेच चुलीपाशी बसवू नये, असं त्याचं मत. मग तो बागेतली गांडुळं खणून आणू लागला, आणि बाईसाहेब ती शेवयांसारखी ओढू लागल्या. शेपटाची जखम सुकली. तिची जीभ सारखी आत-बाहेर व्हायची, म्हणून त्यानं तिचं नाव ठेवलं पारास्का.

"अहो, आमच्या आत्याचं नाव सापाला?" टेक्ला उसळली.

"तुझी आत्याही काही बोलायच्या आधी ओठांवरून अशीच जीभ फिरवायची."

टेक्लाला हसू आलं, पण तिनं ते पदरानं पुसावं तसं रुमालानं पुसलं आणि कोबीची बरणी उचलून निघून गेली.

शेपूट बरं झालं तोवर जमीन गोठली होती. चुनखडीच्या कपारीत जिथं आमच्या भागातले सगळे साप हिवाळ्यासाठी उतरतात, तिथं ते कधीच उतरून गेले होते. आता तिला सोडणं म्हणजे मारणंच. ओनुफ्री वरवर हळहळला. "काय करणार, राहावं लागेल बिचारीला वसंतापर्यंत." आतून मात्र त्याला गुदगुल्या होत होत्या. यंदा हवामानवाल्याशी भांडताना साक्षीला कुणी तरी असणार होतं.

आणि पारास्कानं खाणं सोडलं.

आधी त्याला वाटलं, रुसली. मग वाटलं, गारठली. त्यानं काचपेटी शेगडीजवळ नेली, वर दिवा लावला. गांडुळं मिळेनात तेव्हा हाल्डोरनं बर्फाला भोक पाडून बारके मासे आणले.

"एवढा ताजा मासा माझ्या बायकोला कधी दिला नाही मी," हाल्डोर म्हणाला. "आणि ही तोंड फिरवते!"

ओनुफ्रीनं शेगडीत आणखी लाकडं सारली. घरात असा उकाडा झाला की टेक्ला बिटासारखी लाल होऊन स्वेटर काढायची. तरी पारास्का दिव्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, काचेला नाक लावून पडलेली. भरलेलं अंग किंचित सैल दिसू लागलं. तो जवळ जाऊन विचारायचा, "काय होतंय गं तुला? काय कमी आहे?" इतक्या वर्षांत त्यानं असं एकदाच कुणाला विचारलं होतं, स्तेफाच्या आजारपणात. तेव्हाही उत्तर मिळालं नव्हतं.

शनिवारी टेक्ला बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोही घेऊन आली. ती दारातूनच आधी काचपेटीकडं बघायची. साप कुठं आहे हे माहीत असलं की तिला धीर यायचा.

"दाजी, या बयेचा माझ्यावर डोळा आहे."

"काही तरीच."

"अहो, खरं सांगते. एरवी मेल्यासारखी पडलेली. मी दार उघडलं की लगेच डोकं वर! माझ्याकडं टक लावून जीभ काढते. फावडं विसरली नाही ती!"

"तू आवडतेस गं तिला."

"मग तुम्ही बाहेरून आलात तरी बघते का ती?"

ओनुफ्री पिरोही तोंडाशी नेताना थांबला. खरंच की. तो लाकडं घेऊन आला तरी ती दाराकडंच बघायची. तो उठला आणि दार सताड उघडलं. बाहेरचं गार वारं जमिनीवरून सरपटत आत आलं. पारास्का चहाच्या डब्यातून निघाली, दाराच्या बाजूच्या काचेवर चढली आणि झाकणाच्या फटीशी तोंड नेऊन जीभ हलवू लागली.

"दार लावा! न्यूमोनिया होईल!" टेक्ला ओरडली.

त्यानं दार लावलं. पारास्का खाली उतरली.

ओनुफ्री खुर्चीवर बसला. ज्या माणसानं जन्मभर थंडीला रस्त्याच्या कडेला ढकललं, त्याच्या डोक्यात हे शिरायला वेळ लागणारच. "टेक्ले," तो म्हणाला, "हिला भूक नाही लागलेली. हिला झोप आलीय. सगळी जात खाली झोपलीय आणि मी हिला शेगडीपाशी जागी ठेवलीय."

"मग झोपवा."

"तळघरात ठेवावी लागेल. वसंतापर्यंत." त्यानं काचपेटीवर बोट फिरवलं. "म्हणजे मग हिवाळाभर इथं... पुन्हा मी आणि तो रेडिओवाला."

टेक्लानं त्याच्याकडं पाहिलं, मग तळघराच्या झाकणाकडं. तिथं तिच्या बरण्या होत्या, बीट होते.

"माझ्या बरण्यांशेजारी?" तिनं विचारलं.

"दुसरी जागा नाही. बाकी सगळीकडं बर्फ होईल तिचा."

"मग मी नाही बाई खाली उतरणार. कोबी लागला, बीट लागलं, तुम्हीच काढून द्यायचं. आणि मला रोज काही ना काही लागतं, आधीच सांगून ठेवते."

साप असा झोपायचा तर पोट रिकामं लागतं, ते पारास्काचं होतंच. एकदम नाही, हळूहळू ओनुफ्रीनं तिला थंडीची सवय लावली: आधी शेगडीपासून दूर, मग तळघराच्या वरच्या पायरीवर, मग खाली. सफरचंदांच्या लाकडी खोक्यात ओलसर शेवाळ, कोरडा पाला, पाण्याची वाटी. वर उंदीर शिरू नये म्हणून बारीक जाळी. पारास्का पाल्यात शिरली ती दिसेनाशीच झाली.

टेक्ला शब्दाला जागली. रोज यायची. "दाजी, दोन बीट." "दाजी, कोबी." मग आलीच आहे म्हणून सूप टाकायची, मग सूप झालंच आहे म्हणून बसायची. हवामानवाला बोलू लागला की दोघं मिळून त्याची खरडपट्टी काढायची. ओनुफ्री खाली उतरला की वाटीत पाणी घालायचा, जाळीतून डोकवायचा आणि हळूच म्हणायचा, "अजून पडतोय गं बाहेर. झोप तू."

वर आला की टेक्ला विचारायची, "आहे का?"

"आहे."

"हलली?"

"हलायचं नसतं तिनं."

"तेच बरं," म्हणायची. पण विचारायची रोज.

एप्रिलच्या शेवटाला छपरावरून पाणी गळू लागलं तसं त्यानं खोकं वर आणलं आणि मागच्या पायरीवर उन्हात ठेवलं. पाला बाजूला केला. पारास्का वेटोळं घालून पडलेली, दगडासारखी गार. त्यानं बोट लावलं, हालचाल नाही. त्याचा चेहरा उतरला. "टेक्ले," तो आत बघून म्हणाला, "मी चुकलो की काय गं?"

टेक्ला दाराआडून म्हणाली, "ऊन तरी लागू द्या! आमची आत्यासुद्धा सकाळी लगेच उठायची नाही."

दोघं वाट बघत बसली, तो पायरीवर, ती उंबऱ्याच्या आत. ऊन खोक्यात सरकलं. वेटोळं जरासं सैल झालं. आणि मग जीभ बाहेर आली.

ओनुफ्रीनं टोपी काढून डोळे पुसले आणि उन्हाला शिव्या दिल्या.

सोडायच्या आधी अंगात बळ यावं म्हणून पारास्का थोडे दिवस पुन्हा काचपेटीत राहिली. आठवड्याभरानं टेक्ला बागेतून आली. एका हातात डबडं, दुसऱ्या हातात साखरेचे खडे उचलायचा, ईस्टरलाच बाहेर निघणारा चिमटा. तोंड दुसरीकडं फिरवून, डोळे घट्ट मिटून तिनं चिमट्यात धरलेलं गांडूळ काचपेटीत सोडलं. पारास्कानं ते घेतलं, पूर्ण गिळलं आणि चिमट्याकडं बघत राहिली.

टेक्लानं एक डोळा उघडला. "दाजी, हिला अजून हवंय!"

"मग दे की."

"हावरट कुठली," टेक्ला डबड्यात चिमटा घालत म्हणाली. "अगदी आत्यावर गेलीय."